तुझा तू काप

हिवराळे मॅडम पुस्तकी मराठीत बोलत असल्या, की वर्ग निर्धास्त असायचा. "विद्यार्थ्यांनो, आज आपण उभयचर प्राण्यांची वैशिष्ट्ये पाहणार आहोत," असं वाक्य आलं की आम्ही बाकाखाली पाय लांब करायचो. पण मधेच "काय करून राह्यला रे तू तिथं?" असं कानावर पडलं, की ज्याचा पाय लांब असेल त्यानं तो मुकाट्यानं जवळ घ्यावा. बाई गावाकडच्या बोलीत उतरल्या म्हणजे राग आला. आणि आवाज? बाकीच्या माणसांचा रागात वर चढतो, मॅडमचा खाली यायचा. इतका खाली, की शेवटच्या बाकावरच्यांना शिव्या ऐकण्यासाठी पुढं वाकावं लागे.

ही गोष्ट मी लग्नांच्या पंगतीत सांगितली आहे, निरोपसमारंभांत सांगितली आहे, एकदा तर बंद पडलेल्या बसमध्ये सांगून कंडक्टरला डोळे पुसायला लावले आहेत. बेडकाची उडी आली की लोक खदखदून हसतात. हसा. मीही हातवारे करून ती उडी मारून दाखवतो. पण मी ती हसवायला सांगत नाही. मला अजून राग येतो, आणि तो शिळा होऊ नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवतो, इतकंच.

बहात्तरचा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. आमचं कॉलेज जालन्यातलं. नाव सांगत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच निघतो. मी घनसावंगीकडच्या एका खेड्यातून पी.यू.सी. सायन्सला, म्हणजे मॅट्रिकनंतरच्या पहिल्या वर्षाला, आलेलो, भानुदास शिंगाडे. घर मेंढरांचं. त्या काळी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवणं ही शिक्षाच समजत. जुनी मंडळी शेवटच्या वर्षाचे तास आपसात वाटून घ्यायची आणि पहिलं वर्ष नव्या, तात्पुरत्या, दर जूनमध्ये नवी ऑर्डर मिळणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात मारायची. हिवराळे मॅडम तशाच आल्या, ऑगस्टमध्ये, आधीचे सर औरंगाबादला निघून गेले म्हणून. पण आल्या त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मला पहिलंच वर्ष द्या. पुढंही तेच द्या. तिसऱ्या वर्षापर्यंत माणूस पक्का होतो. मग त्याला फक्त नोट्स देता येतात."

उंची पाच फुटांच्या आत. खळ घातलेली सुती साडी, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ. वय फार तर अठ्ठावीस. वडील शहागडच्या बाजूला प्राथमिक शिक्षक. घर बौद्ध. हे त्या स्वतःच पहिल्या तासाला सांगून मोकळ्या झाल्या. "आडनावावरून अंदाज करत बसू नका. वेळ जातो. मी सांगते, मग आपण बेडकाकडं वळू."

पण गावाला अंदाज करायचाच होता. जालन्यातल्या मस्तगड भागात त्या खोली बघायला गेल्या. मालकांनी आदरानं बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "तुम्ही कोणत्या म्हणायच्या?"

"झूऑलॉजीच्या."

"तसं नाही हो. म्हणजे मूळच्या?"

"मूळच्या पाण्यातल्या. आपण सगळेच पाण्यातून वर आलोत. तुमचंपण घराणं तिकडचंच."

खोली मिळाली नाही. पुढची दोन घरंही गेली. शेवटी एका रेल्वे गार्डच्या विधवेनं, सगळे तिला खालाजान म्हणत, मागची खोली दिली. तिची अट एकच होती, "बेटी, घर में मेंडक नक्को लाना बस."

स्टाफरूममध्ये कपांचं कपाट होतं. मॅडमचा कप मात्र कपाटात नसे, खिडकीत असे, कानाला निळा दोरा बांधलेला. मी जर्नल सह्यांना घेऊन दारात उभा होतो, तेव्हाचा हा देखावा. चहा आला. मॅडमनी खिडकीतला कप उचलला, दोरा पाहिला. पर्समधून डिसेक्शनची कात्री काढली आणि दोरा कापला. मग कपाट उघडलं, सगळे कप एका बादलीत घातले, शिक्का नसलेल्या चिठ्ठ्या मिसळाव्यात तसे हातानं फिरवले, धुतले, आणि खिडकीत एका ओळीत मांडले.

"घ्या आता. वळखा आपापला."

मोठमोठी माणसं, कुणी रसायनातलं, कुणी इतिहासातलं, त्या ओळीकडं बघत राहिली. आठवडाभर स्टाफरूममध्ये चहा झाला नाही. गणिताचे सर घरून स्टीलचा पेला आणू लागले. पुढं चहाची तलफच जिंकली. पण आमच्या प्राचार्यांना ती बादली कधी विसरता आली नाही. प्राचार्य गोड माणूस होते. त्यांचा एक लाडका शब्द होता, सोय. कॉलेजात जे जे वाईट चालायचं त्याला ते सोय म्हणत. "बाई, ती आपली एक सोय होती." मॅडम विचारत, "कोणाची?" त्यावर प्राचार्य हसून घड्याळ बघत.

तर आमच्या प्रयोगशाळेतही अशी एक सोय होती.

प्रयोगशाळा म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. वर पत्रे, आत फॉर्मालिनचा वास आणि भिंतीच्या भेगांत अजून अडकलेला कापूस. दर टेबलावर दोन विद्यार्थी. या जोड्या लॅब असिस्टंट लावायचा. एक कापणारा, एक आकृती काढणारा. कापणारे आम्ही, म्हणजे खेड्यांतले, मेंढरांच्या घरचे, वस्त्यांवरचे. काढणारे गावातले, शाकाहारी घरांतले. गांडूळ, झुरळ, बेडूक, जे येईल ते आम्ही उघडायचं. पलीकडचा नाकाला रुमाल लावून, रंगीत पेन्सिली टोकदार करून, सुरेख आकृती काढायचा. आम्ही हात धुऊन येईपर्यंत तास संपलेला असायचा. आमची आकृती मग हॉस्टेलच्या खाटेवर, पुस्तकातून. आणि मार्क होते आकृतीला. वर्षानुवर्षं पहिले नंबर रुमालवाल्यांचे यायचे आणि वर्षानुवर्षं लोक म्हणायचे, "बघा, बुद्धी कुणीकडं असते ते."

माझा जोडीदार प्रदीप. संस्थेच्या सेक्रेटरींचा मुलगा. कापडाचं मोठं दुकान. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. डब्यातली बर्फी अर्धी द्यायचा. फक्त देताना वरून टाकायचा.

बेडकांचा पहिला दिवस आला. मोती तलावावरून बेडूक आले होते, क्लोरोफॉर्म देऊन मेणाच्या ट्रेमध्ये उताणे टाचलेले होते. मॅडम आत आल्या. टेबलांवरून नजर फिरवली. अर्धे हात पुढं, अर्धे हात पाठीमागं.

"जोड्या कुणी लावल्या?"

"पद्धतच आहे मॅडम," असिस्टंट म्हणाला. "जे खातात ते कापतात. जे खात नाहीत ते आकृती काढतात."

मॅडमनी चष्मा काढला. पदरानं पुसला. आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, की ही पूर्वसूचना असते.

"अस्सं. बेडूक कोण खातं रे इथं?"

कुणीच हात वर केला नाही.

"शिंगाडे, तू खातो?"

"न्हाई मॅडम! आमच्यात कुणीच न्हाई खात."

"कोणीच न्हाई खात. सगळेच शाकाहारी निघाले की बेडकाच्या बाबतीत. मंग ह्या जोड्या कशाच्या हायेत?" आवाज आता टेबलाच्या पातळीवर आला होता. "कशाच्या हायेत मला ठाऊक हाय. तुम्हालाबी ठाऊक हाय. सोडा जोड्या. जल्दी. एक ट्रे, एक माणूस. तुझा तू काप."

गोदामात नुसती पळापळ. नाकावरचे रुमाल गळाले. एका मुलीनं, पुष्पानं, हात वर केला. घर जैन. म्हणाली, "मॅडम, मला जीव मारायचा नाही."

सगळ्यांना वाटलं, आता हिचं काही खरं नाही. मॅडम तिच्याजवळ गेल्या. "बरं. शिंगाडेनं मारलेला चालंल?"

पुष्पानं माझ्याकडं पाहिलं, बेडकाकडं पाहिलं.

"न्हाई. तोबी नको."

"शाबास!" मॅडमनी टेबलावर अशी थाप मारली, की चिमटे उडाले. "हिला म्हणतात विचार करणं. तुला जास्वंद देते. फूल काप, भाग दाखव, आकृती काढ. पण जास्वंदीचे मार्क जास्वंदीएवढे. चालंल?"

"चालंल."

पुष्पाला वर्षभर मॅडम एकदाही रागावल्या नाहीत. ती पुढं बॉटनीत गेली आणि नाव काढलं. पण बाकीच्यांना तो उमाळा नव्हता. त्यांना जीव मारायचा नव्हता असं नाही, हात भरवायचे नव्हते.

मग कापाकापी सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदा कात्री धरणारे आडवेतिडवे गेले. कुणाचं आतडं तुटलं, कुणाचं यकृत. आम्ही पूर्वीचे कापणारेही गांडुळावर शिकलेलो, बेडकावर नाही. माझी चीर पोटावरून निघाली आणि काखेत पोचली. मॅडम मागं उभ्या. मी डोळे मिटले.

"पहिल्यांदा तिरपंच जातं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा गेलं तर मी हाय."

तास संपला. लाल साबण घेऊन आम्ही मोरीकडं निघालो, तर दारात मॅडम.

"हात."

एकेकाचा हात नाकाशी नेऊन त्या वास घेऊ लागल्या. खरोखर वास! वर्गातल्या तमाम पोरांचे, सगळ्या आडनावांचे हात त्या बाईनं नाकाला लावले. आमच्यातल्या काहींचा हात आजवर गावात कुणी हातात धरला नव्हता. वास आला की पुढं. प्रदीपचा हात आला. त्यानं दिवसभर हात पाठीमागून काढलेच नव्हते.

"चंदन," मॅडम म्हणाल्या. "शून्य."

त्या दिवसापासून नियमच झाला. ज्याच्या हाताला वास नाही, त्याला मार्क नाही. दर शनिवारी चंदन, शून्य. चंदन, शून्य. आम्ही पाठीमागून जप करायचो.

अर्थातच सेक्रेटरी साहेब आले. शुभ्र धोतर, कपाळाला गंध, मागं प्राचार्य. गोदामाच्या दारात थांबले, आत आले नाहीत.

"बाई, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. मुलाच्या हातून जीवहत्या आम्हाला चालणार नाही."

"बिलकुल करू देऊ नका. मी जास्वंद देते."

"जास्वंदीवर मेडिकलला ॲडमिशन मिळते का?"

"न्हाई."

"मग?"

"मंग ठरवा. पाप हाय का न्हाई, ते एकदाच ठरवा. पाप शिंगाडेच्या घरी आन् मार्क तुमच्या घरी, अशी वाटणी माझ्या टेबलावर होणार न्हाई."

सेक्रेटरी साहेबांच्या चेहऱ्यावरचं स्मित हललं नाही. "बाई, तुमची ऑर्डर जूनमध्ये असते ना?"

"हो. आन् बेडूक आज हाय. सरका बाजूला, उजेड अडतो."

एवढं साधं होतं सगळं. गप्प राहिल्या असत्या तर जूनमध्ये कायम झाल्या असत्या. घरी तीन धाकटी भावंडं शिकत होती, हे खालाजान सगळ्या गल्लीला सांगायची. मॅडमना हे कळत नव्हतं असं समजू नका. त्या संध्याकाळी त्या गोदामात एकट्याच खुर्चीवर बसून होत्या आणि रिकाम्या ट्रेमधलं मेण नखानं खरवडत होत्या. मी विसरलेलं जर्नल घ्यायला गेलो, तर मान वर न करता म्हणाल्या, "शिंगाडे, मला भ्या वाटतंय असं कुणाला सांगू नको. मी फक्त चिडलेली हाय, असंच सांग."

आज सांगतो आहे, मॅडम. तुमची परवानगी न घेता.

त्यांचा राग फक्त सायन्सपुरता नव्हता. एकदा कला शाखेच्या पहिल्या वर्षाचे मराठीचे सर आले नाहीत, म्हणून यांना तासावर पाठवलं. पोरं नोट्स पाठ करत होती, "येथे कवीचे हृदय भग्न झाले आहे." मॅडमनी विचारलं, भग्न म्हणजे काय? उत्तर, "येथे कवीचे हृदय..." पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी मॅडम खाटकाकडून बकऱ्याचं काळीज नव्हे, खरंखुरं हृदय घेऊन त्या वर्गात हजर. पेपरवर ठेवलं. "दाखवा, कुठून भग्न होतं. न्हाई सांगता येत? मंग कवीला काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहा, कागदाकडं न बघता." दोन पोरी रडल्या. एक पोरगा मात्र असं काही लिहून गेला, की मॅडमनी तो कागद खालाजानला वाचून दाखवला. मराठीच्या सरांनी प्राचार्यांकडं तक्रार केली, की आमच्या विषयात मांस आणलं.

मार्च आला. प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार होते. आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली, यावरूनच मी समजलो.

"शिंगाडे, पुढच्या वर्षी हॉस्टेलची खोली लागेल ना?"

"हो सर."

"मग उद्या तुझं टेबल प्रदीपच्या शेजारी आहे. आधी त्याचा बेडूक उघडून दे, मग तुझा. मिनिटाचं काम. एक सोय म्हणून."

आणि मॅडम? त्यांना त्या दिवशी कला शाखेच्या हॉलवर पर्यवेक्षणाला टाकलं होतं. आमच्या परीक्षेच्या गोदामात त्यांना पाऊल ठेवायची मनाई. सकाळी त्या दारापर्यंत आल्या, उंबऱ्याबाहेर थांबल्या. आम्ही सगळे ॲप्रन घालून उभे. त्या कुणा एकाकडं बघून बोलल्या नाहीत.

"तुझा तू काप," म्हणाल्या आणि गेल्या.

प्रश्न होता, बेडकाची पचनसंस्था उघडून दाखवा आणि आकृती काढा. मी शपथेवर सांगतो, मी काही शूरपणा ठरवून केला नाही. खोली डोळ्यांसमोर होती. आधी प्रदीपचाच ट्रे ओढायचा असं मनात म्हणत होतो. पण वर्षभराची सवय हाताला लागली होती. हात आपोआप आपल्या बेडकाकडं गेले. चीर सरळ गेली. इतकी सरळ, की मी स्वतःच बघत बसलो. मग आतडं सोडवलं, जठर, यकृत बाजूला केलं, टाचण्या लावल्या. शेजारून खोकला येत होता. पुन्हा खोकला. "भानू... ए भानू..." मी ऐकलं की नाही? ऐकलं. मान वर केली नाही.

इकडं प्रदीपनं काय करावं? वेळ जाऊ नये म्हणून त्यानं आकृती काढायला घेतली. त्याला ती पाठच होती. लाल यकृत, पिवळं आतडं, हिरवं पित्ताशय. सोबत बाणांनी नावं. नक्षीदार.

परीक्षक फिरत फिरत आले. तोंडात पान. कागद उचलला.

"वा! उत्तम आकृती. यकृत तर सुंदर. बेडूक कुठं आहे?"

प्रदीपनं ट्रेकडं बोट केलं. ट्रे रिकामा. टाचण्या होत्या, बेडूक नव्हता. क्लोरोफॉर्म कमी पडलेलं ते जनावर वाट बघून कंटाळलं असावं. सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. बेडूक टेबलाच्या कोपऱ्यात, रंगीत पेन्सिलींच्या डबीवर बसला होता. शाबूत. पोट बंद. गळा वरखाली होत होता.

परीक्षकांनी आकृती पाहिली. बेडूक पाहिला. पुन्हा आकृती.

"हे याचंच आहे?"

आणि प्रदीप, बिचारा, म्हणाला, "हो सर."

बेडकानं एकदा डोळे मिटून उघडले आणि उडी मारली. (इथं मी उडी मारतो.) थेट परीक्षकांच्या छातीवर! पान बाहेर, पांढऱ्या शर्टावर लाल यकृत, खुर्ची उलटी, प्राचार्य दारातून "सोय करा, सोय करा" ओरडतायत, असिस्टंट बादली घेऊन बेडकामागं आणि पुष्पा हातात जास्वंद धरून खिडकी उघडतेय. बेडूक तिच्या खिडकीतून गेला. गोदाम हसून हसून फुटलं. पार कलेच्या हॉलपर्यंत आवाज गेला म्हणतात.

इथं लोक टाळ्या देतात. इथंच मला थांबायचं नसतं.

परीक्षकांचा शर्ट बदलायला सेक्रेटरी साहेबांच्या दुकानातून नवा शर्ट आला. जेवण त्यांच्याकडंच झालं. निकाल लागला तेव्हा प्रात्यक्षिकात कॉलेजात पहिला प्रदीप. मी काठावर पास. हॉस्टेलची खोली गेली. आणि जूनमध्ये मॅडमना कागद मिळाला. सेवेची गरज नाही. कारण काय? भाषा असभ्य, वर्तन उद्धट.

प्राचार्यांच्या खोलीबाहेर आम्ही दहा-बारा जण भिंतीला कान लावून. आतून मॅडमचा आवाज येत नव्हता, म्हणजे राग पार तळाला गेला होता. प्राचार्यांचं ऐकू आलं, "बाई, आवाज चढवू नका."

मग मॅडमचं. "अजून कुठं चढवलाय? मी वर्षभर रागावले, ते पोरांना कात्री धरता यावी म्हणून. तुम्ही वर्षभर गोड बोलले, ते कुणाच्या हातात कात्री असावी हे बदलू नये म्हणून. असभ्य कोण हाय, ते तुमच्या गोड आवाजात एकदा म्हणून दाखवा."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं असणार. मॅडम बाहेर आल्या. हातात डिसेक्शन बॉक्स आणि स्टाफरूममधला एक कप, कुणाचाही, कारण आता तो ओळखू येत नव्हता. आम्ही ओळीनं हात पुढं केले. सुट्टी होती, कशाचाच वास नव्हता. तरी त्यांनी प्रत्येकाचा हात नाकाशी नेला. मार्क मात्र सांगितले नाहीत.

पुढं मी तिथंच प्राध्यापक झालो, झूऑलॉजीचाच. प्रदीप मेडिकलला गेला, रक्त बघून वर्षात परत आला, दुकानात बसला, आणि वडिलांमागं संस्थेचा सेक्रेटरी झाला. बेडकाची गोष्ट तोही सांगतो, माझ्यापेक्षा जास्त समारंभांत. हसतो, हसवतो. "आमच्या हिवराळे मॅडम!" म्हणून डोळे पुसतो. जूनच्या कागदाशी येण्याआधीच त्याची गोष्ट संपलेली असते.

गोदाम पाडून नवी प्रयोगशाळा बांधली तेव्हा त्यानं मला बोलावलं. "शिंगाडे सर, फीत मॅडमच्याच हातानं कापायची. तुम्हीच आणा त्यांना. जुनी कटुता मिटून जाईल."

मॅडम घनसावंगीच्या एका शाळेत होत्या, निवृत्तीला आलेल्या. मी जीपमधून उतरलो, तर शाळेच्या ओट्यावर पोरं ओळीनं उभी आणि मॅडम एकेकाचा हात नाकाशी नेत पुढं सरकत होत्या. केस पांढरे, काड्या त्याच. पोरांनी कुंभाराची माती आणून काहीतरी केलं होतं. मी मुकाट्यानं ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो आणि हात पुढं केला. त्यांनी तोही हुंगला, मग वर पाहिलं.

"खडू. बरं हाय. कधी आल्ता?"

मी निमंत्रण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला. चाळीस पोरं एका पावलानं मागं सरली.

"म्हणजे अजूनबी तो दुसऱ्याच्याच हातानं कापून घेऊन राह्यला का?"

"मॅडम, मानानं बोलावलंय."

"मान द्यायचाच होता, तर त्या वेळीच कायमची ऑर्डर दिली असती. मी येणार न्हाई. त्याला बराबर असंच सांग."

उद्घाटनाच्या दिवशी मंडप, मान्यवर, बॅण्ड. चांदीच्या ताटात कात्री. प्रदीपनं माइकवर सांगितलं, की प्रकृतीमुळं मॅडम येऊ शकल्या नाहीत. प्रकृती! मग ते ताट माझ्यापुढं आलं.

"मग आमचे शिंगाडे सरच फीत कापतील," प्रदीप हसत म्हणाला. "त्यांचा हात पहिल्यापासून बसलेला आहे."

मंडप हसला. पहिल्या वर्षाची पोरं पुढंच बसली होती. माझी नोकरी कायम होती, कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मॅडमचं तर सगळं गेल्तं, तरी त्या बोलल्या होत्या. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले, बराबर प्रदीप वर्षभर बांधायचा तसे.

"प्रदीप," मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज खाली गेलाय, पुढच्या रांगेनं कान टवकारलेत. "तुझी तू काप."

त्याचं हसू राहिलं आणि चेहरा बदलला. मग त्यानं कात्री उचलली. सॅटिनची फीत, निसरडी. पहिला प्रयत्न सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्यांदा कशीबशी फाटत, तिरकी कापली गेली. टाळ्या वाजल्या. त्याच्या कपाळाला घाम होता.

मला राहवलं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा जीपमध्ये. मॅडम घरासमोर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, ताट, माइक, प्रकृती, माझे बांधलेले हात, सगळे आवाज काढून, उभा राहून. त्या हसल्या नाहीत. सूप थांबलं होतं फक्त.

"सरळ कापली का त्यानं?"

"न्हाई मॅडम. पार तिरपी."

त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुन्हा सूप हलवायला घेतलं.

"पहिल्यांदा तिरपंच जातं," त्या म्हणाल्या.